वाफ दवडणारे कारखाने

तारापूर, पाताळगंगा, कुरकुंभ, लोटे-परशुराम. यांपैकी कोणत्याही औद्योगिक वसाहतीच्या कडेने हिवाळ्यातल्या पहाटे गाडी निघाली, की कारखान्यांच्या डोक्यावर पांढरे ढग दिसतात. प्रवासी काच वर करतात, कुणी नाकाला रुमाल लावतो. त्यातले बरेचसे ढग धुराचे नसतात. कूलिंग टॉवरमधून बाहेर पडलेली ती पाण्याची वाफ असते आणि तेवढ्यापुरते पाहिले तर तिचा फुप्फुसांना काही उपद्रव नाही. उपद्रवाचे मूळ कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला, बॉयलरच्या भट्टीत असते. तिथे कोळसा, फर्नेस ऑइल किंवा शेतातल्या काडीकचऱ्याच्या ब्रिकेट जाळून जी उष्णता तयार केली, तिचाच मोठा भाग एकदाच वापरून या पांढऱ्या ढगावाटे आकाशात सोडला जातो. धुराची किंमत आजूबाजूच्या गावांनी मोजायची आणि उष्णता मात्र कावळ्यांनी शेकायची, असा हा व्यवहार आहे.

एवढी उष्णता लागते कशाला? औषधांच्या कारखान्यांपुरते बोलायचे तर तिचा एक मोठा गिऱ्हाईक म्हणजे द्रावक, कारखान्यातल्या बोलीत ‘सॉल्व्हंट’. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळीत जो मूळ औषधी रेणू असतो तो एका झटक्यात तयार होत नाही. पाच, सात, कधी दहा टप्प्यांत तो घडतो. जवळपास प्रत्येक टप्प्यात रसायने एकमेकांत मिसळण्यासाठी, नको ते वेगळे काढण्यासाठी आणि शेवटी स्फटिक धुण्यासाठी मिथेनॉल, ॲसिटोन, टोल्युइन, इथाइल ॲसिटेट, डायक्लोरोमिथेन यांसारखे द्रव ओतले जातात. औषधाच्या एखाद्या घाण्यात जेवढा माल वापरला जातो त्याच्या वजनात द्रावकांचा वाटा साधारण ८० ते ९० टक्के असतो. रॉजर शेल्डन या रसायनशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये एक साधा हिशेब मांडला होता : एक किलो उत्पादनामागे किती किलो कचरा? तेलशुद्धीकरणात हा आकडा ०.१ च्याही खाली होता, औषधांत २५ ते १००. गोळी जेवढी लहान, तिच्यामागचा पसारा तेवढाच मोठा. हा पसारा बहुतांशी वापरलेल्या द्रावकांचा असतो.

वापरलेला द्रावक गटारात सोडता येत नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार तो घातक कचरा ठरतो. मग दोन वाटा उरतात. सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळा, किंवा उकळून, थंड करून, शुद्ध करून पुन्हा वापरा. दुसरी वाट अर्थातच शहाणपणाची. नवा द्रावक तयार करायला जी ऊर्जा आणि जे खनिज तेल लागते ते वाचते. पण उकळायला इंधन लागतेच, आणि किती लागते हे नीट पाहिले तर थक्क व्हायला होते.

शाळेत शिकवलेले ऊर्ध्वपातन बहुतेकांना आठवत असेल : चंबूत मिश्रण उकळायचे, लवकर उकळणाऱ्या घटकाचे बाष्प आधी निघते, ते नळीत थंड करून गोळा करायचे. प्रत्यक्षात मिथेनॉल आणि पाणी असे एकदा उकळून सुटे होत नाहीत. मिथेनॉल ६५ अंशांना उकळते, पाणी १०० ला, तरी पहिल्या बाष्पात दोघेही हातात हात घालून वर येतात. म्हणून कारखान्यात उंच मनोरा असतो, त्याला कॉलम म्हणतात. तळाशी रिबॉयलर मिश्रण उकळत ठेवतो. बाष्प वर चढते, वरच्या टोकाला कंडेन्सरमध्ये गार होऊन द्रव बनते. त्या द्रवाचा काही भाग माल म्हणून बाहेर काढतात आणि उरलेला पुन्हा मनोऱ्यात खाली सोडतात. खाली येणारा हा द्रव वर चढणाऱ्या बाष्पाला धूत जातो, त्यातले पाणी स्वतःत ओढून घेतो. या परतीच्या प्रवाहाला ‘रिफ्लक्स’ म्हणतात. सगळी शुद्धता त्याच्या जिवावर असते, आणि सगळा खर्चही. एक किलो माल काढण्यासाठी दोन किलो परत सोडायचे असतील, तर उकळावे लागतात तीन किलो.

उदाहरणादाखल हिशेब करू. निम्मे मिथेनॉल, निम्मे पाणी असलेले एक टन मिश्रण घेतले. रिफ्लक्स दोनास एक. एक किलो मिथेनॉलचे बाष्प करायला सुमारे २६० किलोकॅलरी लागतात. पाचशे किलो मिथेनॉल, प्रत्येक किलोमागे तीन किलोची उकळी, म्हणजे चार लाख किलोकॅलरींच्या आसपास. मिश्रण तापवण्याचे आणि तळाच्या गरम पाण्याबरोबर वाहून जाणारे धरले तर चार लाख चाळीस हजार. बॉयलरच्या एक किलो वाफेतून साधारण ५२० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे आठशे-साडेआठशे किलो वाफ, आणि आपल्याकडच्या साधारण प्रतीच्या कोळशाने ती तयार केली तर दीडशे किलोहून अधिक कोळसा. एक टन गढूळ द्रव स्वच्छ करण्यासाठी!

आता ही उष्णता गेली कुठे? ती मिथेनॉलमध्ये राहिली नाही. बाहेर पडलेले मिथेनॉल द्रवच आहे, कंडेन्सरने त्याला पुन्हा गार केले आहे. रिबॉयलरने खालून जे दिले त्यातले नव्वद टक्के वर कंडेन्सरमधल्या थंड पाण्याने उचलले आणि कूलिंग टॉवरवर नेऊन हवेत टाकले. टाकताना आणखी एक नुकसान झाले. टॉवरमध्ये पाणी गार होते ते त्यातला काही भाग उडून गेल्यामुळे. माठाचे पाणी गार होते त्याच तत्त्वावर. वरच्या हिशेबातली उष्णता उडवून लावायला पाचशे-सहाशे लिटर पाणी खर्ची पडते. कुरकुंभ दौंड तालुक्यात आहे, अवर्षणाच्या पट्ट्यात. तिथे हा आकडा कोळशाच्या आकड्याइतकाच बोचला पाहिजे.

माणसाचे शरीर याबाबतीत कारखान्यापेक्षा कितीतरी काटकसरी आहे. ‘तोंडाची वाफ दवडू नकोस’ असे आपण म्हणतो. ही वाफ दवडली जाऊ नये याची व्यवस्था नाकात केलेली आहे. आत घेतलेली हवा नाकातल्या ओलसर, उबदार पडद्यांवरून जाताना गरम आणि दमट होते, पण ते करताना पडदे स्वतः थोडे गार पडतात. उच्छ्वासाची ३७ अंशांची, बाष्पाने भरलेली हवा परत येते तेव्हा याच गार पडद्यांवर तिचे काही बाष्प निवते. उष्णता आणि पाणी दोन्ही परत जमा. थंडीत नाक गळते त्यातला काही भाग हाच. गळ्याला छिद्र पाडून नळी घातलेल्या रुग्णाचे नाक या प्रवासातून वगळले जाते, त्याच्या नळीत कफ सुकून घट्ट होतो, कधी नळी तुंबते. म्हणून नळीच्या तोंडाशी घडीदार कागदाची किंवा फोमची एक छोटी डबी बसवतात. अतिदक्षता विभागात तिला कृत्रिम नाक म्हणतात. ती ना विजेवर चालते ना गॅसवर. बाहेर जाणाऱ्या श्वासातली वाफ अडवून ती पुढच्या श्वासाला परत देते, एवढेच तिचे काम.

कारखान्यातही असे ‘नाक’ बसवता येते. तळातून १०० अंशांचे पाणी बाहेर पडते आहे आणि दुसऱ्या बाजूने ३० अंशांचे मिश्रण आत यायचे आहे. दोन्ही एका हीट एक्स्चेंजरमधून उलटसुलट दिशेने नेले, की जाणारे गार होते आणि येणारे तापते. मध्ये धातूचा पत्रा असल्याने मिसळत मात्र नाहीत. हा उपाय स्वस्त, जुना, जवळपास निर्धोक. पण वरच्या हिशेबात तो मांडून पाहिला तर वाचतात सुमारे सात टक्के. कारखान्यांच्या अहवालांत ‘उष्णता पुनर्प्राप्ती केली’ असे जिथे लिहिलेले असते, तिथे पुष्कळदा एवढेच केलेले असते. सात टक्के वाचवून उरलेल्या नव्वदांकडे पाठ. खरा साठा वरच्या बाष्पात आहे, आणि तो हाती लागत नाही त्याला कारण आहे.

कारण असे की बाष्पाची उष्णता भरपूर आहे, पण ती ६५ अंशांची आहे. रिबॉयलरला हवी १०० अंशांच्या वरची. पाणी जसे उताराकडेच वाहते तशी उष्णता गरमाकडून गारकडेच जाते. रुग्णालयातल्या रक्तपेढीत पिशव्या भरपूर असाव्यात आणि एकही रुग्णाच्या गटाची नसावी, तसे हे. म्हणून उष्णता वाचवण्याच्या शास्त्रात ‘किती’ याच्याइतकाच ‘किती अंशांची’ हा प्रश्न महत्त्वाचा असतो.

जुन्या स्वयंपाकघरात हे शास्त्र न शिकता पाळले जाई. चुलीवर मुख्य जाळावर भाकरी. तोच जाळ पुढे सरकून शेजारच्या वैलावर जाई, तिथे कालवण रटरटत असे. निखाऱ्यांवर दूध तापे आणि शेवटी कोमट राखेत रताळे भाजायला पुरले जाई. एकच लाकूड, उतरत्या क्रमाने चार कामे. वैलासाठी वेगळे सरपण कुणी घालत नसे.

कारखान्याला वैल जोडण्याचे श्रेय नॉर्बर्ट रिलियू या माणसाला जाते. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये १८०६ साली त्याचा जन्म झाला. वडील गोरे मळेवाले, आई मिश्रवंशीय. पॅरिसला जाऊन तो शिकला आणि तिथेच शिकवूही लागला. त्या काळी लुईझियानात उसाचा रस उघड्या कढयांच्या रांगेत आटवत. उकळता रस एका कढईतून दुसरीत पळ्यांनी ओतण्याचे काम गुलामांकडे असे, आणि भाजण्याच्या जखमा ही रोजची गोष्ट होती. रिलियूने कढया बंद केल्या आणि एकापुढे एक जोडल्या. पहिल्या पात्रातून निघालेली वाफ वाया न घालवता दुसऱ्या पात्राला तापवायला वापरली. दुसऱ्यातला रस त्या वाफेने उकळावा म्हणून तिथली हवा ओढून दाब कमी केला. दाब उतरला की द्रव कमी तापमानाला उकळतो. प्रेशर कुकरच्या नेमके उलट. महाबळेश्वरला चहाचे पाणी पुण्यापेक्षा थोडे आधी उकळते ते याच कारणाने. १८४३ मध्ये त्याला पहिले पेटंट मिळाले, १८४६ मध्ये आणखी एक. महाराष्ट्रातल्या प्रत्येक साखर कारखान्यात आज इव्हॅपोरेटरची जी रांग उभी असते ती रिलियूचीच रचना. तिथे वाफ वाचते म्हणूनच बगॅस उरतो, आणि उरलेल्या बगॅसवर कारखाना वीज तयार करून विकतो.

द्रावकाच्या मनोऱ्यालाही हीच युक्ती लागू पडते. एकाऐवजी दोन मनोरे उभारायचे, मिश्रण दोघांत वाटायचे आणि पहिला दाबाखाली चालवायचा. वातावरणाच्या पाचपट दाबाखाली मिथेनॉल ६५ ऐवजी सुमारे ११२ अंशांना उकळते, म्हणून त्याचे बाष्पही त्याच तापमानाला निवते. ११२ अंशांची उष्णता १०० अंशांच्या पाण्याला उकळवू शकते. म्हणजे पहिल्याचा कंडेन्सर हाच दुसऱ्याचा रिबॉयलर. वाफेचा खर्च कागदावर निम्म्यावर येतो, प्रत्यक्षात बचत त्याहून कमी, तरी सात टक्क्यांच्या कितीतरी पुढची. अडचणीही आहेत. पहिल्या मनोऱ्याच्या तळाला दीडशे अंशांचे पाणी उकळायचे म्हणजे बॉयलरची वाफ जास्त दाबाची हवी. आणि ज्वलनशील द्रव दाबाखाली ठेवायचा तर भांडी, झडपा, गास्केट सगळे त्या तोलाचे लागते. जुन्या पत्र्याच्या कॉलमवर हा प्रयोग करू नये.

तिसरा मार्ग म्हणजे वरच्या बाष्पालाच कॉम्प्रेसरने दाबून गरम करायचे आणि त्याच मनोऱ्याच्या तळाशी आणून द्यायचे. घरातला फ्रिज आतली उष्णता उपसून मागच्या जाळीवर टाकतो, तोच प्रकार. इथे वाफ जवळजवळ लागतच नाही, वीज लागते. पण आपली बरीचशी वीज कोळशाची आहे, आणि एक युनिट विजेसाठी वीजकेंद्रात साधारण तीन युनिट उष्णता जाळलेली असते. म्हणून कॉम्प्रेसरने एका युनिटमागे तीनाहून बरीच जास्त युनिटे उचलून दिली, तरच धूर खरोखर कमी होतो. नाहीतर बोईसरचा धूर चंद्रपूरला हलतो इतकेच. तळ आणि माथा यांच्या तापमानात फरक थोडा असेल तिथे हे यंत्र उत्तम चालते. फरक वाढत गेला की त्याचा दम लागतो.

यांपैकी कोणता मार्ग कुठे, हे ठरवण्याची रीत १९७० च्या दशकाच्या अखेरीस बोडो लिनहॉफ यांनी इंग्लंडमध्ये विकसित केली. तेलाचे भाव भडकले होते, त्यामुळे ऐकणारेही होते. तिला ‘पिंच’ पद्धत म्हणतात. कारखान्यातल्या ज्या ज्या प्रवाहांना गार करायचे आहे त्यांची एक रेषा, ज्यांना तापवायचे आहे त्यांची दुसरी, दोन्ही एकाच आलेखावर. दोन रेषा जिथे एकमेकींना जवळजवळ टेकतात तो चिमटा. त्या तापमानाच्या वर असलेली उष्णता थंड पाण्याला देणे हा अपव्यय, आणि त्याच्या खाली बॉयलरची वाफ वापरणे हाही अपव्यय. नियम एवढाच. याचा उपयोग असा, की कोणती बचत शक्य आहे आणि कोणती नाही हे एकही पाइप विकत घेण्याआधी कळते. निदान आधी, शस्त्रक्रिया नंतर.

मोठ्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत हे सगळे मुरलेले आहे, कारण तिथे मनोरे वर्षभर अखंड चालतात. औषधांच्या लहान कारखान्यांत काम घाण्याने चालते. सकाळी अकराला एक भांडे गार करायचे असते तेव्हा तापवायला काही नसते, आणि दुपारी तीनला तापवायची वेळ येते तोवर सकाळची उष्णता आकाशात गेलेली असते. या महिन्यात मिथेनॉल, पुढच्या महिन्यात टोल्युइन. अशा ठिकाणी दोन मनोऱ्यांची जोडी किंवा कॉम्प्रेसर परवडत नाही, हे उद्योजकांचे म्हणणे खोटे नाही. पण त्यांच्याच आवारात वाफेच्या नळांवरचे आवरण फाटलेले असते, स्टीम ट्रॅप गळत असतात आणि निवळलेले गरम पाणी बॉयलरकडे परत न जाता नाल्यात वाहत असते. त्याला कुठलेही शास्त्र आड येत नाही, फक्त प्लंबर लागतो.

आणि इथेच काळजीचा मुद्दा येतो. वाफेचे बिल कमी करण्याचा आणखी एक मार्ग आहे, ज्याला ना यंत्र लागते ना प्लंबर. रिफ्लक्सचा वॉल्व्ह थोडा आवळायचा. दोन किलोऐवजी दीड किलो परत सोडायचे. मग तीनऐवजी अडीच किलोच उकळावे लागतात, म्हणजे कंडेन्सरकडे जाणारी उष्णता एका फटक्यात सहाव्या हिश्शाने घटते. एक्स्चेंजर बसवून मिळणाऱ्या बचतीच्या दुप्पट, तीही फुकट. बदल्यात मनोऱ्याची धुण्याची ताकद कमी होते आणि मालात मळ राहतो. महिनाअखेरीच्या वाफेच्या तक्त्यात मात्र दोन्ही बचती सारख्याच दिसतात. एकीत उष्णता फिरवली आहे, दुसरीत शुद्धता विकली आहे, हे तक्ता सांगत नाही. उष्णता कितीही वेळा फिरवली तरी मळत नाही. द्रावक मळतो, आणि पुन्हा पुन्हा फिरवला तर मळ साचत जातो.

हा मळ किती महाग पडू शकतो हे २०१८ च्या जुलैमध्ये जगाला कळले. व्हल्सार्टन हे रक्तदाबाचे, लाखो लोक रोज घेतात असे औषध. चीनमध्ये तयार झालेल्या त्याच्या मालात एनडीएमए नावाचा घटक सापडला. हा नायट्रोसमाइन गटातला, माणसात कर्करोग घडवण्याची दाट शक्यता असलेला पदार्थ. युरोपने आणि पाठोपाठ अमेरिकेने गोळ्या परत मागवल्या. मूळ कारण होते २०१२ मध्ये बदललेली प्रक्रिया : डायमिथाइल फॉर्मामाइड हा द्रावक आणि सोडियम नायट्राइट एकत्र आले आणि त्यातून एनडीएमए जन्मले. पण तपास पुढे गेला तसे लक्षात आले, की सार्टन गटातल्या काही औषधांत, जिथे ही रासायनिक जुळणीच नव्हती तिथेही, अशुद्धी पोचली होती. ती पुन्हा वापरलेल्या द्रावकांबरोबर आली होती. काही वेळा एकच बाहेरचा कंत्राटदार अनेक कारखान्यांचा वापरलेला द्रावक त्याच भांड्यांत उकळून देत होता. अमेरिकी औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत पुनर्प्राप्त द्रावकांकडे स्पष्टपणे बोट दाखवले आहे.

यातली मेख उत्कलनबिंदूंत आहे. डायमिथाइल फॉर्मामाइड १५३ अंशांना उकळते. एनडीएमएही जवळपास तेवढ्यालाच. दोघांना उकळून वेगळे करणे म्हणजे गर्दीतून जुळ्या भावांपैकी एकाला पाठमोरा ओळखून काढणे. मनोरा कितीही उंच असो, वाफ कितीही ओता, साधे ऊर्ध्वपातन इथे पुरे पडत नाही. आणि मर्यादा काय, तर रोज ९६ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. त्यामुळे कोणता द्रावक फिरवायचा आणि कोणता फिरवायचा नाही, हे बॉयलर विभागाने ठरवण्याची गोष्ट नव्हे. औषधनिर्मितीचे आंतरराष्ट्रीय निकष द्रावकाच्या पुनर्वापराला मनाई करत नाहीत. तो नेमून दिलेल्या दर्जात बसतो हे दर वेळी तपासून दाखवा, एवढेच मागतात. गोळ्या परत मागवल्या गेल्या तेव्हा ‘औषध अचानक बंद करू नका, आधी डॉक्टरांना भेटा’ असे रुग्णांना वारंवार सांगावे लागले, कारण नॅनोग्रॅमच्या भीतीने गोळी सोडणाऱ्याला पक्षाघाताचा धोका कितीतरी जवळचा होता.

उलट, खरी उष्णता पुनर्प्राप्ती हवेच्या बाजूनेही फायद्याची ठरते. धूर कमी होतो हा एक भाग झाला. दुसरा भाग एप्रिल-मेमध्ये औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्यांना नाकाने कळतो. उन्हाळ्यात कूलिंग टॉवरचे पाणी स्वतःच ३२-३४ अंशांचे होते, कंडेन्सर दमतात, आणि न निवलेले बाष्प वरच्या नळीतून बाहेर निसटते. डायक्लोरोमिथेन तर ४० अंशांनाच उकळते. त्याला आवरायला वेगळे बर्फगार पाणी लागते, साधे पाणी भागत नाही. श्वासावाटे शरीरात गेलेल्या डायक्लोरोमिथेनचे यकृतात अंशतः कार्बन मोनॉक्साइड होते. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा अडवतो, आणि आधीच हृदयविकार असलेल्या कामगाराच्या छातीत कळ येऊ शकते. ईसीजी काढणाऱ्याने तू कुठे काम करतोस हे विचारले नाही, तर कारण सापडत नाही. कंडेन्सरवर येणारा भार आधीच दुसऱ्या कामाला लावून कमी केला, तर टॉवरला उसंत मिळते आणि निसटणारे बाष्प घटते.

मोठा खर्च न करता ती ६५ अंशांची उष्णता लगेच कुठे लावता येईल? बॉयलरला जाणारे पाणी आधी कोमट करायला, गोदामातला माल वाळवायला, किंवा आवरण घातलेल्या टाकीत साठवून पाळी सुटल्यावर कामगारांच्या अंघोळीला. शेवटचा उपयोग हिशेबात अगदी किरकोळ ठरेल. पण हाताला लागलेला चिकटा गार पाण्याने आणि साबणाच्या तुकड्याने निघत नाही, म्हणून टोल्युइनमध्ये बुडवलेल्या बोळ्याने हात पुसायची सवय अनेक कारखान्यांत आहे. त्याने चिकटा निघतो, त्याबरोबर त्वचेवरचे तेलही जाते आणि थोडे टोल्युइन अंगात मुरते. भेगा पडलेले, पांढुरके, खाजणारे हात घेऊन असा कामगार त्वचारोगाच्या ओपीडीत येतो, मलम घेऊन जातो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा येतो. त्याच्या कारखान्यात कूलिंग टॉवर चोवीस तास गरम पाणी गार करत असतो, आणि न्हाणीघरातल्या नळाला थंड पाणी येते.